अरहू घ्यायला निघालीस, तर एवढं ऐक

शांघायला आहेस तोवर अरहू शिकणार म्हणालीस, फार आनंद झाला. त्याच शहरात राहून मीही हे वाद्य शिकले, म्हणून आत्याच्या हक्कानं चार गोष्टी सांगते. पहिली कायमची लक्षात ठेव: पैसे देईपर्यंत दुकानदार तुझं ऐकतो, दिल्यावर तुला त्याचं ऐकावं लागतं. विचारायचं, मागायचं, लिहून घ्यायचं ते सगळं पैसे देण्याआधी.

वाद्य पारखण्याआधी माणूस पारख. फेनयांग रोडवर, संगीत महाविद्यालयाच्या आसपास, वाद्यांची दुकानं आहेत. शनिवार-रविवार टाळ, मधल्या वारी सकाळी जा. गेल्या गेल्या किंमत विचारू नकोस. विचार, ‘तार तुटली किंवा घोडी सरकली तर बसवून द्याल का?’ जो हातातलं काम ठेवून घोडी कुठं बसते ते दाखवतो, त्याच्याकडे थांब. जो नुसतं महागातल्या वाद्याकडे बोट करतो, त्याला नमस्कार करून बाहेर पड. मिरजेत तंबोरा घेतला की जवारी लावून देणं हा व्यवहाराचाच भाग असतो. अरहूचंही तसंच आहे. घोडी, तिच्याखालची छोटी गादी आणि तारांना दांड्याजवळ ओढून धरणारा दोरा नीट लावून मिळाला नाही, तर चांगलं वाद्यही बेसूर वाजतं.

गुरूंना सोबत ने. पण काही ठिकाणी शिकवणाऱ्यांना दुकानाकडून दलाली मिळते, हे मनात असू दे. आधीच आदरानं विचारलंस तर खऱ्या गुरूला राग येत नाही.

आता वाद्य. अरहूला दोनच तारा. आतली षड्ज धरलीस तर बाहेरची पंचम, आणि गजाचे केस त्या दोन तारांच्या मधून जातात. लाकडी डब्याच्या तोंडावर अजगराचं कातडं ताणलेलं असतं, सगळा आवाज त्याच्यावर. खवले एकसारखे हवेत. अंगठ्यानं हलकेच दाबून बघ, कातडं लुळं लागता कामा नये. दांडा डोळ्यासमोर आडवा धरून वाकलाय का बघ. खुंट्या पिळून सोड, सूर उतरतो का ऐक. मग दोन्ही तारांवर खालपासून वरपर्यंत सावकाश गज ओढ. एखाद्या जागी सूर घोगरा होऊन थरथरत असेल, तर तिथल्या तिथं घोडी आणि गादी बदलून दाखवायला सांग.

यावर बहुतेक विक्रेते एकच उत्तर देतात: ‘कातडं नवं आहे, वाजवता वाजवता खुलेल.’ हे अर्धंच खरं. नव्या कातड्याचा आवाज आखडलेला असतो आणि काही महिन्यांच्या रियाजानं तो खरंच मोकळा होतो. पण लुळं कातडं, वाकलेला दांडा, सुटलेला जोड रियाजानं बरा होत नाही. आखडलेला आवाज चालेल, खुळखुळणारा चालणार नाही.

पसंत केलेलं वाद्यच घरी ने. ‘हे फक्त दाखवण्यासाठी ठेवलंय, तुम्हाला आतून नवीन पेटी देतो’ म्हणाले, तर ती पेटी उघडून तेही वाजवून बघ. त्याचे फोटो काढ. बिल म्हणून साधी चिठ्ठी घेऊ नकोस, ‘फापियाओ’ माग, तेच तिथलं अधिकृत बिल. दुरुस्तीचं, बदलून देण्याचं जे तोंडी कबूल केलं, ते दोन ओळींत लिहून शिक्का मारून घे.

ऑनलाइन मागवणार असशील तर सगळं बोलणं त्या अ‍ॅपमध्येच ठेव. ‘बाहेरून पैसे पाठवा, स्वस्तात देतो’ या बोलण्याला भुलू नकोस. ताओबाओसारख्या ठिकाणी तू ‘माल मिळाला’ असं कळवेपर्यंत पैसे मध्येच थांबतात, म्हणून वाजवून बघितल्याशिवाय ते बटण दाबायचं नाही. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढ. चीनच्या ग्राहक कायद्यात 2014 पासून ऑनलाइन घेतलेली वस्तू सात दिवसांत कारण न देता परत करता येते, फक्त ती सुस्थितीत हवी. खास तुझ्यासाठी बनवलेल्या वस्तूला ही सवलत नाही, तेव्हा हौसेनं दांड्यावर नाव कोरून घेऊ नकोस.

भारतात आणायचा विचार असेल तर हे नीट ऐक. अजगर ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो. त्याच्या कातड्याची वस्तू देशाबाहेर न्यायला परवाने लागतात, आपल्याकडचा वन्यजीव कायदाही कडक आहे. ‘कोणी अडवत नाही’ असं दुकानदार सांगेल, पण विमानतळावर तो तुझ्या शेजारी उभा नसेल. कृत्रिम पडद्याचा अरहू घे. हाँगकाँग चायनीज ऑर्केस्ट्रानं पॉलिस्टरच्या पडद्याची वाद्यं बनवून ती मंचावर वाजवली आहेत, त्यामुळे त्यात कमीपणा मानू नकोस.

एवढं करूनही फसवणूक झाली, तर चारचौघांत आवाज चढवू नकोस. अपमान झाला की समोरचा हट्टाला पेटतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. तारीख, बिल, फोटो आणि तुला नेमकं काय हवंय, हे शांतपणे लिहून दे. दाद दिली नाही तर अ‍ॅपकडे तक्रार कर, त्यानंतर 12315 हा तिथला ग्राहक तक्रारीचा क्रमांक आहे. जाणूनबुजून फसवल्याचं सिद्ध झालं, तर किंमत परत मिळतेच, शिवाय किमतीच्या तिप्पट आणि कमीत कमी 500 युआन भरपाई मागता येते. विक्रेत्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून ओरडण्यापेक्षा हा आकडा कागदावर लिहिलेला जास्त उपयोगी पडतो.

आणि वाद्य घरी आलं की पाडव्याच्या मुहूर्तासाठी पेटीत बंद ठेवू नकोस. दोष असेल तर तो पहिल्या आठवड्यातच कळायला हवा, परत करायची मुदतही तेवढीच आहे. आल्या दिवसापासून रोज वाजव.