पळस फुलतो तेव्हा

वाशीम जिल्ह्यातून अजिंठ्याची डोंगररांग जाते. फाल्गुन सरू लागला की तिच्या उभ्या चढणीवरील काळा खडक तापतो. मुरमावरून पाय घसरतो. घोटभर पाण्यासाठी चढणाऱ्याचा जीव कासावीस होतो. अशा रुक्ष जागी पळस मात्र फुललेला असतो! पळसाला पाने तीनच, ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. परंतु या दिवसांत त्याच्या फांद्यांवर एकही पान नसते. पाने गाळल्यामुळे त्याचे पाणी वाचते. शिवाय आड येण्यास पानेच नसल्याने ती केशरी फुले पाखरांना दुरून दिसतात. साळुंक्या व शिंजीर त्यांतील मधुरस पितात आणि चोचीला लागलेले परागकण नकळत दुसऱ्या फुलावर नेतात. पुढे नवी पालवी जून होते, तेव्हा पत्रावळींसाठी पाने खुडणारी माणसे हीच चढण चढतात.