हुरड्याला बोलावताना

चिखली तालुक्यातल्या आमच्या शेतात दर हिवाळ्यात हुरडा होतो. वीसेक वर्षं पाहुणे बोलावतोय. चुकतमाकत कळलं ते इतकंच.

१. तारीख कणीस ठरवतं. दाणा दाबल्यावर नुसतं दूध आलं तर थांबायचं. दाताला कडक लागला तर संपलं. मधले आठ-दहा दिवस तेवढे आपले. एका साली पुण्याच्या मेहुण्यांच्या सुट्टीपायी रविवार पुढं ढकलला आणि ज्वारी पक्की झाली. पाहुण्यांना पिठलं-भाकरीवर वाटे लावलं.

२. आगटी गोवऱ्यांचीच. लाकडाच्या जाळानं कणीस वरून करपतं, आत कच्चं राहतं. इंगळ राखेत बसले की कणसं खुपसायची, फिरवत राहायची आणि गरम आहेत तोवर चोळायची. चटके बसतात. म्हणून पहिली मूठ चोळणाऱ्याची, पाहुण्यांची नाही.

३. सोयाबीन-हरभऱ्यानं आमच्याकडची ज्वारी मागं सारली. आता मी हुरड्यापुरतीच चार तासं गुळभेंडी पेरतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं हुरड्यासाठी ‘पीकेव्ही अश्विनी’ वाण काढलंय, पण आमची जीभ जुन्यावरच बसलीय. एक मात्र ध्यानात ठेवा: शिवारात एकट्याचीच ज्वारी असली, तर साऱ्या शिवाराची पाखरं तुमच्याकडेच जेवायला येतात. त्यांचा वाटा धरूनच पेरा.

४. सोबत गूळ, दही, जवसाची चटणी, त्याच आगटीत भाजलेलं वांगं. वरून पाणी नको, ताक. पनीरवाल्यांनी रिसॉर्टात जावं.

५. आइसलँडमध्येही जानेवारीच्या शेवटी ‘थोराब्लोट’ नावाची पंगत बसते. आंबवून वाळवलेला शार्क, केस जाळून उकडलेलं मेंढीचं मुंडकं, आंबट निवळीत मुरवलेलं मांस, असलं ताटात. एके काळी हिवाळा काढायची ही बेगमी होती. १९५८ साली रेक्याविकच्या एका हॉटेलानं हेच पदार्थ एकत्र मांडले आणि शहरात गेलेल्यांना गावची चव सापडली. आमचे पुणेकर येतात तेही त्याचसाठी. फरक एवढाच, की आइसलँडवाल्यांचं खाणं मुरतं आणि आमचं थांबत नाही. हुरडा डब्यात भरून नेणाऱ्या मामेबहिणीकडून संध्याकाळी हेच फोनवर कळलं.

६. वारा बघून बसा. धूर पाहुण्यांच्या तोंडावर गेला की गप्पा मोडतात.

यंदाही चार तासं पेरली आहेत. या. तारीख मात्र आत्ता विचारू नका. दाणा भरला की फोन करीन.