बीपीए, बीए की बीएफए?

बारावीनंतर गाणं, नाच किंवा नाटक यांतच पुढे जायचं असं मुलीनं जाहीर केलं, की घरात वादाला तोंड फुटतं. तिला ‘बॅचलर ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स’ म्हणजे बीपीए हवं असतं, कारण आपण कोण आहोत ते पदवीवरच लिहिलेलं असावं असं तिला वाटतं. आईवडिलांना बी.कॉम. किंवा निदान साधं बी.ए. हवं असतं, उद्या कलेवर भागलं नाही तर हाताशी ‘सरळ’ पदवी असावी, एवढीच त्यांची इच्छा. भांडण दोन बाजूंचं असलं तरी समज एकच आहे, की पदवीच्या नावावर सारं आयुष्य टांगलेलं आहे. नावाला वजन आहे हे खरं, पण ते मोजक्या ठिकाणीच चालतं, आणि ती ठिकाणं पालकांच्या मनातली नाहीत.

आधी पालकांची भीती तपासून पाहू. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. एमपीएससीच्या राज्यसेवेतल्या बहुतेक पदांचं आणि बँकांच्या अधिकारी भरतीचंही तेच. एमबीएसाठी कॅट द्यायची तर पदवीला 50 टक्के गुण लागतात. विषय कुणी विचारत नाही. एवढंच काय, सीएच्या थेट प्रवेशासाठी वाणिज्य पदवीधराला 55 टक्के लागतात आणि इतर पदवीधरांना साधारण 60. म्हणजे कथक शिकलेल्या मुलीला हिशेबाची हौस आलीच, तर तो दरवाजाही बंद नाही. अट एकच, पदवी खरी हवी. पदवी देण्याचा अधिकार फक्त विद्यापीठांना आणि कायद्यानं तो दिलेल्या संस्थांना आहे, आणि पदव्यांची नावं विद्यापीठ अनुदान आयोग ठरवतो. 2014 साली आयोगानं प्रसिद्ध केलेल्या यादीत बीपीए आणि बीएफए (‘बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स’) ही दोन्ही नावं आहेत. तेव्हा बीपीए म्हणजे दुय्यम पदवी ही समजूत सोडायला हरकत नाही. काळजी करायचीच तर ती चकचकीत जाहिरातींतल्या ‘अभिनय पदवी’ची करावी. तिच्यामागे विद्यापीठ कोणतं, हा प्रश्न विचारला की समोरचा बऱ्याचदा गुळमुळीत बोलू लागतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘विशारद’ला संगीतात मोठा मान आहे, पण ती परीक्षा आहे, विद्यापीठाची पदवी नव्हे, अर्जात पदवीच्या रकान्यात ती लिहिताना हा फरक ध्यानात ठेवावा.

नाव खरोखर अडतं ते शिकवण्याच्या नोकरीत. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक वर्गांना संगीत शिकवणाऱ्या शिक्षकासाठी बारावीबरोबर संगीतातली पदवी किंवा तिच्याशी समकक्ष पात्रता मागतात. आता बीपीए या तीन अक्षरांत संगीत, नृत्य, नाट्य सगळंच मावतं. प्रमाणपत्रावर कंसात ‘संगीत’ किंवा ‘हिंदुस्थानी गायन’ छापलेलं नसेल, तर कागदपत्रं तपासणाऱ्या कारकुनानं ते ओळखायचं कसं? त्याचं काम जाहिरातीतला शब्द आणि प्रमाणपत्रावरचा शब्द जुळवून पाहण्याचं. बीएफएची गंमत आणखी वेगळी. महाराष्ट्रात बीएफए म्हटलं की लोकांना मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातली चित्रकला आठवते. नृत्य-संगीताला हेच नाव असेल तर जन्मभर खुलासे करत बसावं लागतं. विद्यापीठागणिक नाव बदलतं हेही खरंच. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात बीपीए आहे, तर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीत, नृत्य, नाट्य या विषयांत बी.ए. करता येतं. मला या दोहोंत डावं-उजवं करण्यात अर्थ दिसत नाही. ‘बी.ए. (नाट्य)’ हे नुसत्या बीपीएपेक्षा कधी कधी अधिक बोलकं असतं.

महाविद्यालयात शिकवायचं असेल तर पहिल्या पदवीपेक्षा नंतरची पदवी महत्त्वाची. प्राध्यापकांच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेत संगीत हा एक विषय आहे, तर नृत्य-नाट्य मिळून दुसरा. त्यामुळे पदव्युत्तर शिक्षण नेमक्या विषयात झालेलं असलं पाहिजे. आयोगाच्या नियमांत नामवंत गुरूंकडे शिकलेल्या, आकाशवाणी-दूरदर्शनच्या ‘ए’ श्रेणीच्या कलाकाराला प्राध्यापकपदाची वेगळी वाटही ठेवली आहे, पण विशी-बाविशीत कुणी त्या भरवशावर राहू नये. नंतरची पदवी महत्त्वाची, या हिशेबानं आधी बी.कॉम. आणि मग मुंबई विद्यापीठाच्या थिएटर आर्ट्स अकादमीसारख्या ठिकाणी एम.ए.च्या तोडीचं शिक्षण, असा रस्ताही निघतो.

यावर कुणी म्हणेल, रंगमंचावर पदवी विचारतो कोण? बरोबर आहे, कुणी विचारत नाही. राष्ट्रीय नाट्य विद्यालयानं कित्येक वर्षं पदविकाच दिली आणि तिथून बाहेर पडलेल्यांचं काही अडलं नाही. महाविद्यालयीन एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा 1963 पासून चालू आहे. तिच्यातून पुढे आलेली कितीतरी मंडळी इंजिनीअरिंगची किंवा कॉमर्सची. नाटकाला हे चालतं, कारण तालीम संध्याकाळी होते आणि नट तिशीतही घडतो. नाचाला मात्र ते मानवत नाही. अठरा ते एकवीस या वयात शरीराला रोज सकाळी जे द्यायचं, ते टॅली आणि ऑडिटिंगच्या तासांतून उरलेल्या वेळात देता येत नाही. गाणाऱ्याचंही बऱ्यापैकी असंच. म्हणून पदवीचं नाव पाहून झाल्यावर तिच्या पोटात काय आहे ते पाहावं: आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती, तबल्याची साथ रोज मिळते की परीक्षेपुरती, वर्षात नाटकं किती उभी राहतात आणि त्यांत पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रकाशयोजनेच्या बोर्डाला हात लावू देतात की नुसत्या सतरंज्या उचलायला लावतात.

नव्या धोरणानुसार पदवी तीन किंवा चार वर्षांची करता येते. परदेशी पुढे शिकायचा विचार असेल, विशेषतः अमेरिकेत, तर चार वर्षांची घेणं सोयीचं पडतं. प्रवेश घेण्याआधी कार्यालयात जाऊन मागच्या तुकडीच्या पदवी प्रमाणपत्राचा आणि अंतिम गुणपत्रिकेचा नमुना दाखवायला सांगावा. विषय त्यावर छापलेला आहे का, विद्यापीठाचं नाव कोणतं आहे आणि तिथे ‘पदवी’ लिहिलंय की ‘पदविका’, हे बघायला पाच मिनिटं लागतात. नमुना दाखवायला टाळाटाळ झाली, तर फी भरायची घाई करू नये.