सौर संच : उपकरणांपलीकडील खर्च

तंजावर शहर सुमारे ११ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. उन्हाची तेथे वाण नाही. ईशान्य मोसमी पावसाचे महिने वगळता छतावरील एक किलोवॅटचा संच दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देऊ शकतो. तरीही व्यंकोजीराजांच्या काळापासून तेथे स्थिरावलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाने जुन्या घरावर संच बसविण्याचे ठरविले, तर पहिली अडचण उन्हाची नसून वीजबिलावरील नावाची असू शकते. बिल दिवंगत आजोबांच्या नावे, घर तिघा भावांचे आणि अर्जदार नातू! अशा वेळी अर्ज परत येतो, कंत्राटदाराच्या फेऱ्या वाढतात आणि प्रत्येक फेरीचा आकार अखेर ग्राहकाच्याच देयकात मिळविला जातो.

पॅनेल, इन्व्हर्टर व तारा यांव्यतिरिक्त होणारा हा खर्च किरकोळ नव्हे. अमेरिकेत २०१० नंतरच्या दशकातील अभ्यासांत घरगुती संचाच्या किमतीत त्याचा वाटा निम्म्याहून अधिक आढळला. जर्मनीत मात्र तशीच उपकरणे पुष्कळच कमी खर्चात बसत होती; सोप्या परवानग्या हे त्याचे एक कारण होते.

भारतात २०२४ मधील नियमदुरुस्तीने १० किलोवॅटपर्यंतच्या संचांना तांत्रिक व्यवहार्यता तपासणीतून मुक्त केले आणि संच कार्यान्वित करण्याची मुदत ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आणली. त्याच वर्षीच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान ठरले. ते संच सुरू होऊन तपासणी झाल्यावरच खात्यात जमा होते. दरम्यान कर्जावरील व्याज चालूच राहते; म्हणून मीटर बदलण्यास झालेला विलंब हाही खर्चच होय. तामिळनाडूने २०१६ पासून घरगुती ग्राहकांना दोन महिन्यांच्या बिलात १०० युनिटे मोफत देण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे कमी वापराच्या घरात बचत मुळातच थोडी. तेथे असा प्रत्येक हजार रुपया अधिक जाणवतो.

वीजजोडणीचे नावांतर अर्जापूर्वीच करून घेणे आणि शेजारच्या चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी पाहणी करविणे, हे दोन उपाय जवळजवळ विनामूल्य आहेत. शाखेतील कर्मचाऱ्यांनी कर्जाच्या पहिल्याच भेटीत बिल, घराचे कागद व खात्यावरील नाव ताडून पाहिले, तरी पुष्कळ हेलपाटे टळतील.

एका खर्चात मात्र काटकसर करू नये. तंजावरच्या जुन्या घरांची छपरे कित्येकदा लाकडी तुळयांवर विटा व चुना घालून केलेली असतात. अशा छपराची मजबुती अभियंत्याकडून तपासून घेतल्याविना त्यावर सांगाडा उभारू नये.