सरण, शरण आणि कोंडवाडा



राळेगाव तालुक्यातील एका वस्तीत तिसरण शिकवीत होतो. एका आजीने मध्येच विचारले, “मास्तर, जनमभर पाटलाले शरण गेलो, आता बुद्धालेही शरणच जाचं काय?” जवळचा पोरगा हसला, “सरण म्हंजे त मढ्याखालची लाकडं!”

पोराचे उत्तर सोपे. पालीत ‘श’ हा वर्ण नाही. शीलाचे सील होते, तसे शरणाचे सरण. चितेच्या सरणाशी उच्चार जुळतो, अर्थ जुळत नाही.

आजीचा प्रश्न मात्र जखमेतून आलेला. आपल्या बोलीत शरण जातो तो हरलेला. पालीत सरण म्हणजे आसरा, रक्षण. संस्कृतातही शरण शब्दाचा एक अर्थ ‘घर’ असा आहे. १९५१ साली तत्त्वासाठी केंद्रातील मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून तिसरण घेतले. ते हरून गेले असे कोण म्हणेल? स्वतः तथागतांनीही अखेरच्या दिवसांत आनंदाला हेच सांगितले की, तुम्हीच तुमचा आसरा व्हा, धम्माला आसरा करा.

‘वाडा’ या शब्दाची गंमत पाहा. (गंमत कसली!) पाटलाचा वाडा म्हणजे चिरेबंदी ऐश्वर्य, महारवाडा म्हणजे गावाबाहेर टाकलेली माणसे आणि कोंडवाड्यात भटकी गुरे. दया पवारांनी १९७४ च्या आपल्या कवितासंग्रहाला ‘कोंडवाडा’ हेच नाव दिले, ते उगीच नव्हे.

मग आजी म्हणाली, “भिक्खू बी त पावसाळाभर एका जागीच कोंडून रायते.” राहतात खरे. पावसाळ्यात भिक्खू हिंडतात, हिरवी पिके तुडवितात, बारीक जीव मारतात, अशी लोकांची तक्रार आली, म्हणून बुद्धांनी वर्षावास सांगितला. कपाशीच्या मुलखात हे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तीन महिने संपले की भिक्खू चारिकेला निघतो. गुराला कोंडवाड्यात हाकून नेतात आणि मालकाने दंड भरल्यावाचून ते सुटत नाही.

नाशिक, जुन्नर येथील शिलालेखांत भिक्खूंच्या अशा निवाऱ्याला ‘लेण’ म्हटले आहे. पालीत लेण म्हणजेही आसराच, आणि निब्बाणाच्या नावांत सरणाबरोबर लेणही येते.

आजीने शेवटी विचारले, “म्हंजे आपल्या पायानं जाचं?” होय. ‘गच्छामि’ म्हणजे ‘मी जातो’. पुढच्या पौर्णिमेला मुलांकडून तिसरण म्हणवून घ्याल, तेव्हा आधी या एका शब्दाचा अर्थ विचारा.

जयभीम.