रस्त्याच्या कामावर जाताना : ऊन, पाणी, धूळ आणि गरम डांबर

मोरगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला गणपती आठवतो. वस्तीत राहणाऱ्या आम्हाला मात्र आधी आठवते ती कोरडी कऱ्हा आणि बारामतीचा जिरायत पट्टा. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी बारामती-इंदापूरच्या बागायती भागात फिरले, ऊस झाला, कारखाने झाले. मोरगाव-सुपे बाजूला मात्र पाऊस झाला तर पीक, नाहीतर कामाचा शोध. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आज्या खडी फोडायला बसल्या होत्या. सुकडी आणि तांबड्या मिलोवर दिवस काढले, बोटांची नखे गेली, तरी रस्त्याला खडी पुरवली. आता त्यांच्या नाती-नातसुना हायवेच्या कामावर जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. एक मार्ग सासवड-जेजुरी-नीरा बाजूने, दुसरा पाटसहून उंडवडी-बारामती-इंदापूरकडे. आमचे मोरगाव या दोन्हींच्या मध्ये. त्यामुळे सकाळी वस्तीच्या तोंडाशी टेम्पो उभा राहिला की तो कुठल्या बाजूला जाणार, हे मुकादम सांगेल तेव्हाच कळते.

या कामाचा दिवस वाचकांपैकी अनेकांना माहीत आहे. पहाटे पाचला चूल, भाकरी, चटणी किंवा कोरडी भाजी, पोराच्या शाळेची तयारी, सातला टेम्पो. हजेरी झाली की कोणी गोणपाट भिजवून काँक्रीटवर पाणी मारायला, कोणी पाट्या उचलायला, कोणी डांबराच्या मशीनमागे दंताळे घेऊन, तर कोणी झेंडी धरून. झेंडीचे काम हलके, असे मुकादम म्हणतो. दिवसभर उघड्या डांबरावर उभे राहून बघा म्हणजे कळेल. वरून ऊन, खालून धग, अंगावर प्लास्टिकचे पिवळे जाकीट, आणि जागा सोडायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या टेम्पोतली एक ताई अशीच झेंडी धरून उभी होती. दुपारी दोनच्या सुमारास ती काहीतरी भलतेच बोलू लागली. ट्रक थांबवायचा तर हिरवी झेंडी दाखवू लागली. आधी आम्ही हसलो, हे आता लिहितानाही लाज वाटते. मग ती पडली. कोणी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी चप्पल हुंगवली, एका म्हाताऱ्या मावशीने "बाहेरचं काहीतरी दिसतंय, लिंबू उतरवा" म्हटले. एकाने तर बाटली तिच्या तोंडाला लावली आणि पाणी घशात ओतायला सुरुवात केली. नशिबाने टँकरचा ड्रायव्हर आला. त्याने तिला टँकरच्या पाण्याने भिजवले, फायलीच्या पुठ्ठ्याने वारा घातला आणि १०८ ला फोन लावला. ताई वाचली. पण ती वाचली ते आम्हाला काही कळत होते म्हणून नाही. म्हणून दवाखान्यातल्या सिस्टरांना विचारून विचारून आम्ही जे शिकलो, ते या पानावर मांडतो आहोत.

उन्हाने चक्कर येणे आणि उष्माघात यांत फरक आहे. भरपूर घाम, डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे, थकवा, असे असेल आणि माणूस नीट बोलत असेल तर त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, घोट घोट पाणी किंवा ओआरएस द्या. अर्ध्या तासात बरे वाटले नाही, उलट्या थांबल्या नाहीत, तर दवाखाना. पण माणूस बरळायला लागला, ओळखेनासा झाला, झटके आले, बेशुद्ध पडला आणि अंग तापले, तर तो उष्माघात. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंडे, यकृत सगळ्यांना इजा होते. अंग कोरडे असेल असे नाही. कष्टाचे काम करणाऱ्याला उष्माघातातही घाम असू शकतो. म्हणून घाम आहे की नाही हे पाहत बसू नका, बोलणे पाहा. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचे नाही, ते फुप्फुसात जाते. कुशीवर झोपवा. कांदा खिशात ठेवल्याने कोणाचे नुकसान होत नाही, पण ऊनही कमी होत नाही. तापावरची गोळी उष्माघातावर चालत नाही.

कामावर नवीन आलेल्यांना आणि सुट्टीनंतर परतलेल्यांना धोका जास्त. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. आमची ताईसुद्धा बहिणीच्या लग्नासाठी वीस दिवस खाडे करून आली होती आणि तिसऱ्याच दिवशी पडली.

आता पाण्याचे. सगळे सांगतात, पाणी प्या. तहान लागायची वाट न बघता पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर प्यावे, हे बरोबरच आहे. पण आम्ही कामावरच्या बायकांना विचारले तेव्हा खरे उत्तर मिळाले. "पाणी प्यायलं की बसाया लागतंय. बसायचं कुठं?" दोन्ही बाजूंना उघडे रान, रस्त्यावर गाड्या, मशीनवर पुरुष. मग बाई सकाळी घोटभर चहा घेते आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत पाण्याला शिवत नाही. तहान मारायला मशेरी लावते. लघवी पिवळीजर्द होते, जळजळ सुरू होते, मग कंबर दुखते, थंडी वाजून ताप येतो. त्याला आम्ही 'उन्हाळी लागली' म्हणतो आणि सब्जा पितो. जळजळीसोबत ताप किंवा पाठीच्या बाजूला दुखणे असेल तर जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचलेला असू शकतो. तिथे सब्जा पुरत नाही. गरोदर बाईने तर साध्या जळजळीलाही थांबू नये, वेळेआधी बाळंतपण होण्याचा धोका असतो. लघवी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.

पाळीच्या दिवसांत तेच हाल. घडी बदलायला जागा नाही म्हणून दिवसभर एकच. अंगावरून पांढरे जाते, खाज सुटते, वास येतो, आणि कोणीतरी सांगते, पिशवी काढून टाक म्हणजे कटकट गेली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या अशाच काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. पांढरे जाण्यावर बहुतेक वेळा गोळ्यांनी उपचार होतो. कोणी पिशवी काढायला सांगितली तर घाई करू नका, सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

तेव्हा बायका पाणी पीत नाहीत याचा इलाज बायकांना उपदेश करणे हा नव्हे, कामावर संडास असणे हा आहे. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने हे लिहून ठेवले होते : पिण्याच्या पाण्याची सोय, त्या जागेवर कामगाराला कळेल अशा भाषेत पाटी, आणि ती जागा संडास-मोरीपासून किमान सहा मीटर लांब. संडास-मुतारी हवी. पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तर लहान मुलांसाठी पाळणाघर हवे, असेही त्यात होते. चवदार तळ्याचे पाणी आपण १९२७ साली ओंजळीत घेतले. शंभर वर्षे होत आली, आणि हायवेच्या कामावर आपली बाई समोर टँकर असून तहानलेली उभी आहे.

एक घरगुती कृती सांगून पुढे जाऊ. ओआरएसची पुडी आरोग्य केंद्रात मिळते. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या लहान चमच्याने. मीठ जास्त पडले तर अपाय होतो, म्हणून चमचा मोजूनच. मिठाचे ताक किंवा आंबीलही चांगली. रक्तदाब, साखर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कामावरच्या टपरीवर मिळणारी रंगीत थंड बाटली यात धरू नका.

डांबराबद्दल पुरुषमंडळींनी नीट वाचावे. मशीनमधून पडणारे डांबरमिश्रण दीडशे अंशांच्या आसपास असते. ते अंगावर उडाले की चिकटते आणि चिकटलेल्या जागी भाजतच राहते. लगेच त्यावर थंड पाणी धरा, वीस मिनिटे तरी, बर्फ नको. चिकटलेले डांबर ओढून काढायचे नाही, कातडी निघून येते. ते दवाखान्यात काढतात. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. संध्याकाळी हातपाय डिझेलने धुण्याची सवय तर आमच्यात सगळ्यांनाच होती. डिझेल कातडीतून आत जाते, खाज-चट्टे येतात. न भाजलेल्या कातडीवरचे डांबर गोडेतेल चोळून निघते, मग साबण. बूट, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. स्लिपर घालून डांबरावर जाणारा माणूस आम्ही रोज बघतो.

धुळीबद्दल एक गैरसमज आहे. आपल्याकडचा काळा दगड फोडताना उडणारी धूळ त्रास देतेच, खोकला-दमा वाढवते. पण फुप्फुस कायमचे दगडासारखे करणारी सिलिकाची धूळ वाळूत आणि काँक्रीटमध्ये जास्त असते. म्हणून काँक्रीट कोरडे कापणे, ड्रिल मारणे, तोडणे ही कामे जास्त घातक. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही आणि क्षयाला वाट करून देतो. रुमाल बांधल्याने ही बारीक धूळ अडत नाही. एन-९५ मास्क लागतो, आणि त्याहून उपयोगी म्हणजे कापताना पाणी मारणे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडक्याची तपासणी करा, ती फुकट होते. दवाखान्यात गेल्यावर आपण काय काम करतो ते न विचारताही सांगा.

जेवणानंतर डंपरच्या किंवा रोलरच्या सावलीत आडवे होणारे अनेक जण आहेत, कारण दुसरी सावलीच नसते. ड्रायव्हरला मागचे दिसत नाही. गाडी सुरू होते. याहून जास्त लिहायची गरज नाही. लिंबाखाली चालत जावे लागले तरी जा. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ गर्डर उचलणारे यंत्र कोसळून वीस माणसे गेली. रात्रपाळीला झोपाळलेल्या डोळ्यांनी जाऊ नका, आणि घेतलेली दारू उतरली असे समजून तर नकोच.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते सांभाळत होते. कारखान्यातील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ करणारे विधेयक त्यांनी मांडले. आमची हजेरी मात्र सातला लागते आणि टेम्पो सुटतो दिवे लागल्यावर.

कागदपत्रांचे थोडक्यात. रस्त्याचे काम हेही बांधकामच धरले जाते. वर्षात ९० दिवस काम केलेले आणि १८ ते ६० वयाचे असाल तर राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. त्यासाठी ९० दिवसांचा दाखला ठेकेदार देतो, नाहीतर ग्रामपंचायतीकडून मिळतो. बाळंतपण, मुलांचे शिक्षण, आजारपण, मृत्यू यांसाठी मदत मिळते. नूतनीकरण विसरू नका. एजंटाला हजार-दोन हजार देऊ नका. हजेरीच्या वहीचा फोटो आठवड्यातून एकदा मोबाईलवर काढून ठेवा. अपघात झाला आणि 'हा आमचा माणूसच नाही' असे उत्तर आले, तर तो फोटो उपयोगी पडतो.

ताई दोन आठवडे घरी होती. ती परत कामावर आली त्या दिवशी टेम्पोतल्या आठही बायका मिळून मुकादमाकडे गेल्या. एकटी गेली असती तर तिचा खाडा मांडला असता. आठ जणींचे काम थांबले तर पाणी मारायला कोणी उरत नाही, हे त्यालाही कळत होते. चार दिवसांनी पत्र्याचा संडास आला, पण कामाच्या अगदी शेवटच्या टोकाला आणि पाण्याविना. आता आम्ही दोघीदोघी जातो, एकीच्या हातात पाच लिटरचा कॅन असतो. झेंडीवर एका जागी दोन तासांपेक्षा जास्त कोणी उभे राहायचे नाही, हे आपापसांत ठरले आहे. हिरव्या जाळीची सावली मागितली आहे, ती अजून आलेली नाही.