पोफळीच्या वाडीतील वादळ

कोकण किनाऱ्यावरील नारळ-पोफळीची वाडी म्हणजे घराचेच एक दालन. मागील पडवीचे दार उघडले की वाडी सुरू होते. त्यामुळे 3 जून 2020 रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड जिल्ह्याची काय हानी केली, हे तालुकावार तक्त्यांपेक्षा अशा एखाद्या दारात उभे राहिल्यावर अधिक उमगते. श्रीवर्धन तालुक्यातील एका कुटुंबाकडे प्रस्तुत लेखकाचे त्यानंतर अनेकदा जाणे झाले. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, त्यांची पत्नी आणि टाळेबंदीमुळे मुंबईहून गावी परतलेले मुलगा, सून व नात अशी घरात पाच माणसे. वाडी अकरा गुंठ्यांची.

वादळाची सूचना मिळाली नव्हती, असे म्हणता येणार नाही. 1 जूनला अरबी समुद्रात कमी दाबाचे तीव्र क्षेत्र निर्माण झाले, 2 जूनला त्याचे चक्रीवादळ झाले आणि 3 जूनच्या दुपारी ते किनाऱ्याला भिडले. हवामान विभागाने हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात ते धडकेल, असे आधीच कळविले होते. परंतु एवढ्या लांब पट्ट्यात आपले घर नेमके कोठे येते, हे घरच्या माणसाला कोण सांगणार? शिवाय अरबी समुद्रातील बरीच वादळे गुजरात वा ओमानकडे वळतात, हा पिढ्यांचा अनुभव. नोव्हेंबर 2009 चे ‘फयान’ वगळता गृहस्थांना घरावर आलेले वादळ आठवत नव्हते. “वादळं येतात, पण वर जातात, असंच आम्ही धरून चाललो होतो,” ते म्हणाले.

येथे एक शास्त्रीय बाब ध्यानात घेणे अगत्याचे आहे. हवामान विभागाच्या नोंदीनुसार वादळाचा केंद्रभाग अलिबागच्या दक्षिणेस जमिनीवर आला, त्यामुळे सर्वांचे लक्ष अलिबाग व मुंबईकडे लागले होते. तथापि आपल्या गोलार्धात चक्रीवादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, आणि वादळाच्या वाटचालीच्या उजव्या बाजूस त्याचा स्वतःचा वेग वाऱ्याच्या वेगात मिळतो. ईशान्येकडे सरकणाऱ्या या वादळाची उजवी बाजू म्हणजे मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता.

त्या दुपारी पाचही जण माजघरात बसून होते. प्रथम पुढच्या ओटीवरील कौले उडाली. मग काही काळाने वाऱ्याने दिशा बदलली आणि समुद्राच्या बाजूने मागची पडवी उचलली गेली. वाडीत पोफळी मोडताना एकामागून एक कडकड आवाज येत होता. काकूंनी तो मोजावयाचा प्रयत्न केला आणि पुढे सोडून दिला. संध्याकाळी दार उघडले तेव्हा वाडीतून थेट समुद्र दिसत होता. नातीला त्याचे कौतुक वाटले.

पुढील दिवसांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर आठवड्याभरात मृग लागला, छप्परावर टाकावयास ताडपत्री मिळेना, मोबाईलचे मनोरे बंद पडल्याने मुलगा असून नसल्यासारखा झाला, आणि वीज येण्यास कित्येक आठवडे लागले. ही हालअपेष्टा मोठी खरी, पण तिला शेवट होता.

वाडीचे तसे नाही. आंब्याची फांदी मोडली तर खोडाला पुन्हा फूट येते. माड व पोफळ यांना शेंड्यास एकच कोंब असतो. तो गेला की झाड गेले. नवी पोफळ लावल्यापासून सुपारी धरावयास सहा-सात वर्षे लागतात. जी झाडे वाचली त्यांवरही संकट येते, कारण दाट सावलीत वाढलेल्या खोडांवर एकाएकी ऊन पडते आणि ती भाजून तडकतात. पडलेले ओंडके वेळीच हलविले नाहीत तर त्या कुजक्या लाकडात गेंड्या भुंग्याची पैदास होते व उरलेले माड तो पोखरतो. या घरच्या सुमारे 140 पोफळींपैकी 96 आणि 20 माडांपैकी 13 गेले.

पंचनामा झाला तो क्षेत्रावर. फळबागांसाठीची मदत राज्य शासनाने हेक्टरी 18,000 रुपयांवरून 50,000 रुपये केली. वाढ भरीव होती. पण हेक्टर म्हणजे सुमारे शंभर गुंठे, तेव्हा गुंठ्यास पाचशे आणि या वाडीस साडेपाच हजार. जेथे एका गुंठ्यात डझनभर झाडे उभी असतात, मधून मिरवेल व जायफळ असते, तेथे क्षेत्राचे माप तोकडे पडते. ही तक्रार सर्वत्र झाली आणि पुढे पोफळीस 50 व माडास 250 रुपये अशी झाडागणिक मदत ठरविण्यात आली. या दराने हिशेब 8,050 रुपयांवर जातो. रक्कम फार मोठी नाही, परंतु माप योग्य झाले, असे आमचे मत आहे.

अडचण निराळीच निघाली. सातबाऱ्यावर नऊ नावे होती, त्यांतील दोघे हयात नव्हते, उरलेले बहुतेक मुंबई-पुण्यात. टाळेबंदीत संमतीपत्रे जमविता जमविता दिवाळी आली. दुसरा प्रश्न झाडे किती होती, हा. पडलेली मोजता येतात. पण साफसफाई करून जळणासाठी तोडलेली कोण मोजणार? ज्यांनी घाईने वाडी मोकळी केली तेच पुराव्याविना राहिले. वारस नोंदी वेळेवर करणे आणि दरवर्षी मे महिन्यात वाडीवार झाडांची यादी छायाचित्रांसह ग्रामपंचायतीत ठेवणे, ही कामे तलाठी, ग्रामसेवक व सदस्य यांना खर्चाविना करता येतील. शाळेतील वरच्या वर्गाची मुलेही ही मोजणी हौसेने करतील.

या कुटुंबाने 2021 च्या पावसाळ्यात ‘श्रीवर्धनी’ जातीची रोपे लावली आणि सावलीसाठी मधून केळी घातल्या. वाचलेल्या पोफळींच्या खोडांना ऊन लागू नये म्हणून गृहस्थांनी वाळलेल्या झावळ्या बांधल्या होत्या. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा ते एका खोडाची सुंभाची गाठ सैल करीत होते. झाड जाड झाले होते आणि गाठ रुतू लागली होती.